सरकीवर चालणारी सायकल

रस्त्याकडेच्या गवतातून नुसतं चालत या, धोतराला कुसळं चिकटलेली असतात. उखा आप्पांबरोबर सायकल चालवली की किस्से तसेच चिकटायचे. आपण काही करायचं नाही! घरी येऊन दोन झटकले की ऐकणारे म्हणायचे, "गुरुजी, आणखी एक होऊ द्या." आता झटकायला बसलोच आहे, तर ऐका.

आधी मंडळी सांगतो. आम्ही तिघे शहाद्याचे. तिघांचीही साठी उलटलेली, तिघांकडे लोखंडी भारदस्त सायकली. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, म्हणून गुरुजी. दुसरे मिश्रीमलशेठ. वडील मारवाडातून आले, कापडाचं दुकान घातलं, आता दुकान मुलं बघतात आणि शेठ सायकल बघतात. तिसरे उखा आप्पा. हे सरकारी व्हॅक्सिनेटर, म्हणजे गावोगाव जाऊन देवी टोचणारे. सारी नोकरी सायकलवर झाली. पेन्शन लागली तेव्हा घरच्यांना वाटलं, सुटलो! पण आप्पांनी नोकरी सोडली, सायकल नाही सोडली.

कोणी विचारलं, या वयात कशाला दगदग, तर आप्पांचं उत्तर ठरलेलं, "म्हतारा बैल दावनले बांधा का तो बसस. आनि एकदाव बसना का मंग उठस नही!"

*

बैल म्हणजे आप्पांचा जीव. आणि सायकल म्हणजे त्यांचा बैल.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे दुखलेले असतात, त्यांना लोणी आणि हळद चोळायची. आप्पांच्या गोठ्यात ते आटोपलं, वाटीत थोडं लोणी उरलं. आप्पांनी ते सायकलच्या सीटला चोळलं! म्हणाले, वर्षभर मला हिनं वाहिलं, हिचा खांदा दुखत नसेल?

पोळ्याच्या दिवशी सायकल भिंतीला टेकून उभी. मी म्हटलं, "आप्पा, तापीकाठच्या प्रकाशा गावाला जाऊन येऊ. उघाडी आहे." आप्पा माझ्यावर असे भडकले, जसा काही मी गोहत्या करायला निघालो होतो. "गुरुजी, शिकेल मानूस ना तुम्ही? पोयाले कोनी जुपस का?"

पोळ्याला बैल जुंपायचा नाही म्हणजे सायकलही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटेच स्वारी निघाली. बाजारातून परत आलो तेव्हा सगळं शहादं आमच्या मागे बघून हसत होतं. मी वळून पाहिलं. आप्पांच्या धोतराची मागची बाजू पिवळीधमक!

शेठ म्हणाले, "बधाई हो आप्पा! या उमरमध्ये हळद लागली!"

*

आमचं वर्ष असं पोळ्यानंतर सुरू व्हायचं. पावसाळा सरला, रस्ते वाळले की लांबचे पल्ले. थंडीत तर मजाच. प्रकाशाला तापीकाठी जायचं, नावेत सायकली घालून पलीकडे उतरायचं, नंदुरबारपर्यंत मजल मारायची, मुक्काम करून परत.

पण एक अडचण होती. शेठ जैन. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचे नाहीत. थंडीत दिवस लहान. त्यामुळे सकाळी शेठ सगळ्यात मागे, धापा टाकत, दर झाडाखाली "गुरुजी, जरा विसावा" म्हणत. आणि दुपार कलली की सगळ्यात पुढे!

एकदा प्रकाशाहून परत येताना आम्ही गप्पांत रमलो. शेठांनी सहज पश्चिमेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी जे पॅडल मारलं, पगडी सुटून मागे लोंबू लागली तरी थांबेनात. शेतातला एक माणूस धावत बांधावर आला. "शेठ, चोर लागनात का मांगे?"

"चोर नहीं रे भाई," शेठ ओरडले, "सूरज!"

*

दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा. तिथे आम्ही जायचोच. आप्पांनी घोड्यांच्या रांगेत एका रिकाम्या खुंट्याला सायकल टेकवली आणि आम्ही जिलेबी खायला गेलो. परत आलो तर सायकलभोवती गर्दी! शेजारचा घोडेवाला गमतीत आला होता. "देखो, देखो! दाना नहीं, पानी नहीं, रात को हिनहिनाता नहीं. और लात तो कभी मारता ही नहीं!" सातपुड्यातून उतरलेले पावरा जमातीचे दोन गडी सायकलभोवती गोल फिरून, घोडा घेताना अंगावरचा केसांचा भोवरा शोधावा तसं तिचं अंग निरखत होते.

आप्पांना राहवलं नाही. खोटं त्यांना कधी खपायचं नाही. गर्दीत घुसून म्हणाले, "मारस भाऊ, लाथ मारस! परोनदिनच माले वडना काठवर पाडं!"

गर्दी हसली. त्या गर्दीत आप्पांच्या सुनेचा भाऊ उभा होता.

आप्पांची सून यमुना. घर तिच्या शब्दावर चाले, आणि शब्द कमी असत. सासू नव्हती, तेव्हा म्हाताऱ्याची सगळी काळजी हिच्या डोक्यावर. ओढ्याकाठी पडल्याचं आप्पांनी घरी सांगितलंच नव्हतं! संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा ती दारातच उभी.

"आप्पा, अजून एकदाव पडनात ना, तं सायकल आढाले टांगी दिसू!"

आप्पा तोंड उघडायच्या आत ती आत गेली. आप्पांचा मुलगा धनराज माझ्याकडे बघून खांदे उडवत म्हणाला, "गुरुजी, ती टांगेलच." मलाही त्यात शंका नव्हती. त्या दिवसापासून आप्पा सायकल अशी चालवू लागले, जसं डोक्यावर तुपाचं मडकं ठेवलं आहे.

*

ब्राह्मणपुरी हे आप्पांचं देवी टोचायचं जुनं गाव, तिथे त्यांचा चेहरा कोणी विसरलं नव्हतं. पोरं तर मुळीच नाही. घंटी वाजली की गल्ली ओस! कोणी कणगीमागे, कोणी आईच्या पदरात. आप्पा बिचारे खिशात लिमलेटच्या गोळ्या घेऊन जायचे आणि ओरडायचे, "पोरहो, मी रिटायर व्हयना!"

एका ओट्यावरून म्हातारी म्हणाली, "तू व्हयना रे भाऊ. पन तुन्ही सुई?"

याच ब्राह्मणपुरीत उन्हाळ्यात जे झालं, ते आजही शहाद्यात कोणालाही विचारा. महायुद्धाचे दिवस. टायर मिळेना, ट्यूब मिळेना. आप्पांच्या ट्यूबची चाळणी झाली होती. ठिगळाला ठिगळ लावून दुकानदारही दमला. शेठ म्हणाले, आता उन्हाळाभर घरी बसा. घरी बसा म्हटलं की आप्पांच्या अंगाचा तिळपापड. दुसऱ्या दिवशी ते सायकल घेऊन हजर! चाकं टणक.

"हवा कुठून आणली?" मी विचारलं.

"हवा कोनले पाहिजे? सरकी भरी दिन्ही!"

कापसाचा मुलूख आमचा. जिनिंगच्या गिरणीतून सरकी, म्हणजे कापसाचं बी, आणून त्यांनी टायरमध्ये ठासून भरली होती, वरून सुतळी आवळली होती. आणि सायकल चालली की हो! जरा हिसके बसत, पण चालली. ऊन तापायच्या आत आम्ही ब्राह्मणपुरीच्या वाटेला लागलो. बाभळीच्या एका काट्यानं मागचं टायर उसवलं, ते कोणाला कळलं नाही. आप्पा पुढे, मागे रस्त्यावर सरकीची बारीक रांग.

ती पहिल्यांदा एका म्हशीला दिसली.

गुरं नुकतीच चरायला निघाली होती. म्हशीमागे गाय, गाईमागे कालवड, मग सगळं खिल्लारच. गुराखी काठी आपटतोय, शिव्या घालतोय, गुरं ऐकतील तर शपथ! उन्हाळ्यात हिरवं कुठे दिसत नाही, आणि इथे रस्त्यावर पंगत मांडलेली. आप्पा घाबरून जोरात पॅडल मारायला लागले. जितकं जोरात मारावं तितकी सरकी जास्त सांडे! अख्खं खिल्लार घेऊन आप्पा गावात शिरले. पोरं कणगीमागून बाहेर येऊन बघत राहिली.

ओट्यावरची तीच म्हातारी म्हणाली, "मानसाना लेकरे पयतस, आनि ढोरे मांगे येतस. काय डाक्टर शे बाई!"

परतताना आप्पा घामाघूम, पण खूश. पडलो नाही ना, एवढंच त्यांना हवं होतं. "यमुनाले सांगा, गुरुजी. म्हशी मांगे लागन्यात तरी पडनू नही!"

*

पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीचं काय सांगावं. पाऊल ठेवलं की बूट ठेवून घेते. चाक आणि मडगार्डच्या मधे चिखल असा बसतो की सायकल ना पुढे जाते, ना मागे. शहाण्यानं घरी बसावं. शेठ चातुर्मासात गावाबाहेर पडत नसत, त्यामुळे ते आपोआप शहाणे. मी आणि आप्पा कळसाडीकडे गेलो, आणि परतताना सर आली.

आप्पांनी सायकल सरळ खांद्यावर घेतली. कपाशी निंदणाऱ्या बाया बघून हसायला लागल्या. एकीनं विचारलं, "आप्पा, हाई उलटं कसं?"

"वरीसभर मी तिन्हावर बसस. आज तिन्ही बारी!"

बाया हसल्या, मी हसलो, आप्पाही हसले आणि त्या हसण्यात त्यांचा पाय घसरला. आप्पा खाली, सायकल वर.

शेतातून चार गडी धावत आले. त्यांनी सायकल उचलली, आप्पांना उचललं, तर आप्पांचा पाय टेकेना. बैलगाडी आली. गाडीत निजवताना आप्पा सारखे म्हणत, "तुम्हले तकलीफ व्हयनी भाऊ." त्यावर चौघांतला एक पुढे झाला. त्यानं बाही वर सारली आणि दंड दाखवला. मग दुसऱ्यानं. मग उरलेल्या दोघांनी. चौघांच्याही दंडावर देवी टोचल्याचे वण होते.

"तुम्हनीच निशानी शे, आप्पा," पहिला म्हणाला.

मी तोंड फिरवलं. पावसात बरं असतं, कोणाला काही कळत नाही.

घरी पोचल्यावर यमुना दारातच होती. गाडीतून निजल्या निजल्या आप्पांनी हात वर केला. "माय, आयकी ले. मी सायकलवरथून नही पडनू. सायकल मन्हावरथून पडनी!"

एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. यमुना हसली नाही. तिनं धनराजकडे पाहिलं. धनराजनं सायकल उचलली आणि गोठ्यात आढ्याला टांगली.

*

पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. पण वर ताप आला आणि आप्पांनी खाट धरली. ताप गेला, सूज उतरली, वैद्यांनी पाय हलवून सांगितलं की आता उठा, चाला. आप्पा उठेनात. मी आणि शेठ रोज जायचो. शेठ गमती सांगायचे, म्हशींची आठवण काढायचे. आप्पा घराच्या छपराकडे बघत "हां" म्हणायचे. गोठ्याच्या बाजूला ते कूसही वळवत नसत. मला फार भीती वाटायची, खरंच सांगतो. त्यांचं ते दावणीच्या बैलाचं वाक्य आम्हा दोघांनाही पाठ होतं, पण आमच्यापैकी कोणी ते उच्चारायचं नाही.

एक दिवस यमुना माझ्या मागोमाग अंगणाबाहेर आली. "गुरुजी, पाय तं बरा व्हयना. मंग आप्पा उठतस का नही?"

मी गोठ्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. म्हणाली, "आते पडनात तं मी काय करू?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

पोळा आला. धनराजनं आप्पांची खाट ओट्यावर आणून ठेवली, निदान बैल तरी बघतील. मी आणि शेठ शेजारी बसलो. वेशीतून बैल आले, शिंगांना गेरू, बेगड, गळ्यात घुंगरमाळा. यमुनानं पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. बैल गोठ्यात गेले. आम्ही उठायला लागलो, तर ताट तिच्या हातातच.

"थांबा," ती म्हणाली. "एक बाकी शे."

गोठ्यातून धनराज सायकल घेऊन आला. चाकांत भरपूर हवा. दिव्याला गोंडा, गळ्यात घुंगरमाळ, आणि हँडलची दोन्ही टोकं गेरूनं लालभडक! सीट लोण्याहळदीनं चकाकत होती. यमुनानं चाकांवर पाणी घातलं, दिव्याला कुंकू लावलं, ओवाळलं. पुरणपोळीचा घास हँडलला लावला आणि तोच घास वळून आप्पांच्या तोंडात घातला.

"बठा," ती म्हणाली.

शेठ उभे राहिले. "बैठो आप्पा, बैठो!" धनराजनं सायकल घट्ट धरली.

आप्पा खाटेवरून उठले. कोणी हात दिला नाही, त्यांनी मागितला नाही. भिंतीला धरत ओट्याच्या पायऱ्या उतरले, सायकलपाशी आले. अंगठ्यानं मागचं टायर दाबून पाहिलं, पुढचं दाबून पाहिलं. घंटी एकदा वाजवली. सीटवरून हात फिरवला आणि तो पिवळा तळवा थोडा वेळ बघत राहिले. मग आमच्या सगळ्यांकडे असं पाहिलं, जसं वर्गातली सगळीच पोरं नापास झाली आहेत.

"आज पोया शे ना, माय! पोयाले कोनी जुपस का?" आप्पा म्हणाले. "सकाय लवकर उठाडजो."