वितळलेलं परत गोठवायचं नाही

कुंदा गेल्याचा फोन तिच्या सुनेनं हरिहरेश्वरहून केला, तेव्हा मी इकडे थळला कोलंबी सोलत बसले होते. "वर्षभर आजारी होत्या, मावशी. तुम्हाला मात्र सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती आम्हाला..." देवळाजवळच्या खानावळवालीलासुद्धा ठाऊक होतं म्हणे. आणि उभ्या आयुष्याची मैत्रीण मी, मला नाही!

आमची गाठ पडली मुंबईतल्या प्रयोगशाळेत. रोगाशी लढणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते प्रथिनांमार्फत. त्यातलंच माणसाचं एक प्रथिन, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं, सुकवून आमच्याकडे बोटाएवढ्या कुपीतून यायचं. मी नवी कोरी एमएस्सी, नाक आभाळात. पहिलीच कुपी उजेडात धरून गरजले, "कंपनीनं रिकामी बाटली पाठवली!" कुंदा हसून हसून लाल. "अगो शहाणे, दिसत न्हाय म्हणजे आत न्हाय व्हय? तळाला चिकटलंय ते." मग पाणी घालून मी ती खोकल्याच्या औषधासारखी खळाखळा हलवली. नुसता फेस! हे प्रथिन हलवलं की बिघडतं. पुढे ते हळूच विरघळवून बारीक कुप्यांत वाटून गोठवायचं काम कुंदानं स्वतःकडेच ठेवलं. एका प्रयोगाला एक कुपी, कारण वितळलेलं परत गोठवलं की त्यातला जीव जातो.

गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गेले, तर तिनं आमरसही तसाच, छोट्या छोट्या डब्यांत गोठवून ठेवलेला. "एका वेळी एकच काढ गो, बाकीच्यांना हात लावू नकोस." मी म्हटलं, "बारीक झालीस, सुरेख दिसतेस!" म्हातारपणी पुन्हा तीच कुपी उजेडात धरली मी, आणि पुन्हा मला काही दिसलं नाही.

तिच्या दिवसकार्याला गेले तेव्हा सुनेला विचारलं, मलाच का नाही? ती चाचरत म्हणाली, "'तिला कळलं तर मला रोज हलवून बघेल,' म्हणायच्या." मी तिच्या फोटोशी भांडूनच परतले. इतक्या वर्षांत मीही न हलवता विरघळवायला शिकले होते, कुंदा. एकदा कुपी हातात देऊन तरी बघायचीस...

मे महिन्यात तिनं बर्फात घालून बरोबर दिलेल्या डब्यांपैकी आता माझ्या फ्रीजरमध्ये एकच उरली आहे. परवा दिवसभर वीज नव्हती. संध्याकाळी नात विचारायला आली, "आजी, रस वितळलाय का बघू?"

"बघ," म्हटलं, "पण मला सांगू नकोस."