पडवीतलं अंथरूण

सगळा लालबाग मुंबई मागत होता, आणि करी रोडच्या चाळीतल्या जाईबाईला मुंबई सोडायची होती. आता काय म्हणावं या बाईला! तिच्या खाणावळीत जेवणारे गिरणीवाले मोर्च्यावरून घसा बसवून यायचे, ताटावर बसल्या बसल्या “झालाच पाहिजे” म्हणायचे, आणि ही भात वाढता वाढता विचारायची, “होतलो रे तुमचो महाराष्ट्र! माका बोटीत कोण बसवतलो, ता सांगा आधी.”

हे खूळ उगाच नव्हतं. तिचा नवरा राजाराम अर्धांगवायूने चार वर्षं त्याच खोलीत पडून होता. इस्पितळाने हात टेकले आणि घरी न्या म्हणून सांगितलं. मग हीच चुलीपुढून उठायची, त्याची कूस बदलायची, हगणंमुतणं काढायची, हात धुऊन पुन्हा भाकऱ्या थापायला बसायची. दोन पाटल्या औषधापाण्यात गेल्या. तो एकच म्हणायचा, मला गावी ने. पण खाणावळ मोडली तर दोघांनी खायचं काय? तिने नेलं नाही, आणि त्या खोलीतच त्याने प्राण सोडला. पोटी मूल नाही. उद्या आपण अंथरुणाला खिळलो तर? देव बघेल म्हणून हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली ती नव्हती. हातपाय धड आहेत तोवरच सोय लावायची, असं तिने ठरवलं.

आणि सोय म्हणजे गावचं घर. खाडीकाठचं, कौलारू, पुढे शेणाने सारवलेली पडवी. नवी नवरी असताना राजाराम मुंबईला निघून गेला आणि ती कितीतरी वर्षं त्या पडवीत बसून बोटीची वाट बघत राहिली. तेव्हा त्या पडवीचा वीट यायचा. आता चाळीच्या गॅलरीत दिवेलागण झाली, की तिला तिथल्या भाताच्या तुसाचा वास यायचा आणि जीव नुसता तुटायचा. जगायला मुंबई आणि मरायला तेवढं गाव असं का झालं, असं ती स्वतःशीच म्हणायची.

गावच्या घरात आता एकटी अंबिका होती, राजारामच्या पुतण्याची, लवूची बायको. सासूसासरे गेल्यावर एक म्हैस नि शेजारणी यांच्या सोबतीने घर राखून होती. लवू इथे गिरणीत, काकीच्या खाणावळीत जेवायचा आणि गाववाल्यांच्या खोलीत ट्रंकेवर डोकं टेकून झोपायचा. जाईबाईने बेत आखला: खोलीची भाडेपावती लवूच्या नावावर करायची, आणि त्या बदल्यात आपण पडलो की अंबिकेने गावी आपलं करायचं. उरलेल्या पाटल्या मोडून पैसे पोस्टात टाकले, ते दुखण्यासाठी.

गिरगावात हेमचंद्र वकील होते. त्यांच्याकडे दोनदा गेली तर हरताळामुळे सगळं बंद. तिसऱ्यांदा भेटले. ती सांगत गेली, ते लिहीत गेले: गावच्या घरी, पडवीत अंथरूण घालावं. कूस बदलावी, पाठ फुटू देऊ नये. पेज कोमट द्यावी. तिन्हीसांजेला कुणीतरी शेजारी बसावं.

“बाई, हे शेवटचं कायद्यात बसत नाही,” वकील म्हणाले.

“बसवा की मग! इतके शिकलात कित्याक?”

वकील हसले, आणि लिहिलं. लवूने सही केली, घरमालकाचा मेहता राजी झाला, पावती बदलली. जाईबाई त्या रात्री किती दिवसांनी गाढ झोपली.

शिमग्याला लवू गावी गेला. परतला तो अंबिकेला घेऊनच! डोक्यावर वळकटी, हातात ट्रंक, म्हैस विकलेली, घराला कुलूप. जाईबाई दारात बघतच राहिली.

“मेल्या, हिका हय कित्याक हाडलंस?”

लवू गोंधळला. “काकी, आता खोली झाली मा आपली?”

खरंच की! खोली मिळाली की माणूस बायकोला आणतो. गिरणगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खोली नाही म्हणूनच तर कोकणच्या अर्ध्या बायका गावी झुरतात. एवढं जग पाहिलेल्या जाईबाईला ते सुचू नये? बसल्या फांदीवर कुऱ्हाड, दुसरं काय! जिने पडवीत पाणी द्यायचं, तिलाच हिने पावती देऊन इकडे ओढून आणलं होतं.

संताप संताप झाला. करार मोडला, पावती परत मागते, असं ती दोन दिवस भांड्यांना ऐकवत होती. तिसऱ्या दिवशी लवू पाळीवरून आला. अंबिकेने ताट मांडलं, आणि काकी बघतेय म्हणून खाली मान घालून उभी राहिली. पण हातातल्या पळीतली कढी सांडत होती आणि तिला पत्ताच नव्हता. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि नवऱ्याला रोजचं जेवण ती आता पहिल्यांदा वाढत होती. जाईबाईच्या मनात आलं, हिला परत त्या पडवीत कोणत्या तोंडाने पाठवू?

दुसऱ्या दिवशी ती गिरगावात गेली.

“करार मोडलाय त्यांनी. पावती परत मागता येईल,” वकील म्हणाले.

“नको. पोरगी हयच करतली माझा.”

“मग ‘गावच्या घरी, पडवीत’ हे खोडून ‘करी रोडच्या खोलीत’ घालू.” त्यांनी टाक उचलला.

जाईबाईने कागदावर हात ठेवला. “दोनय र्‍हवांदे.”

“दोन जागा लिहिल्या तर कागदाला अर्थ उरत नाही, बाई.”

तिने दुसऱ्या हाताने डोळ्यांना पदर लावला, पण हात काही काढेना.

“खोडा,” शेवटी म्हणाली. “पण आधी एकदा वाचा. सावकाश वाचा.”

वकिलांनी वाचलं. तिने ऐकलं, आणि मग हात बाजूला घेतला.