वरून मिटलेली जखम
टेलर मास्तरांची बायको म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. शाळेशी तिचा संबंध गणवेशांना काजं करण्यापुरताच. कापणं-शिवणं मास्तरांकडे, काजबटणं आणि हातशिलाई हिच्याकडे. कुठे उसवलेली कड दिसली की हिला चैन पडत नसे. पाहुणी म्हणून गेली तरी पडद्याची निघालेली दुमड हातात घेऊन बसायची.

"अगं, आधी चहा तरी पी. पडदा कुठे पळून जात नाही," मास्तर म्हणायचे.

मग मास्तरांच्या तळपायात टाचणी घुसली. डायबेटीसमुळे पाय बधिर, त्यांना पत्ताच नाही. रक्ताने भिजलेला मोजा हिनेच पाहिला, तोवर आत पू होऊन बोटाचं पेर मावेल एवढा खड्डा पडला होता. डॉक्टरांनी तो साफ केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "पुन्हा आत पू झाला, तर पाय काढावा लागेल." मास्तरांचं मशीन पायाने चालणारं. पाय गेला तर सगळंच बसलं.

ड्रेसिंगचं काम अर्थातच हिच्याकडे आलं. दवाखान्यातल्या सिस्टरने समोर बसवून शिकवलं. सलाइनने धुवायचं, ओली गॉज तळापर्यंत सैलसर भरायची, मग वर पट्टी. "जखम खालून भरत आली पाहिजे, मावशी. वरचं तोंड लवकर मिटू द्यायचं नाही."

हिने मान डोलावली. कळलंही होतं तिला. पण ते उघडं तोंड बघितलं की ते जोडून टाकावंसं वाटायचं. जन्मभर उसवलेलं जोडत आलेली बाई ती. भोकात कापड कोंबायचं आणि ते उघडं ठेवायचं, याला बरं करणं म्हणतात हे काही केल्या तिच्या गळी उतरेना. आत जाणारी गॉज रोज थोडी कमी होत गेली. मग एका सकाळी तिने जखमेच्या दोन्ही कडा चिमटीत धरल्या आणि चिकटपट्टीने जुळवून टाकल्या. कुठे एक चुणी नाही. त्या दिवसापासून गॉज आत गेलीच नाही, आणि "आता कशाला उगाच हेलपाटा?" म्हणत दवाखान्यात दाखवायला जाणंही तिने टाळलं.

जखम मिटली. मास्तरांनी तळपायाखाली आरसा धरून पाहिलं. "कुठे होती ते शोधावं लागतंय की! काय हात आहे गं तुझा!" ती लाजली. केस पिकले होते, तरी लाजली. शेजारणीला हाताला धरून आणून तिने पाय दाखवला. सांगताना जीव तुटतो, पण त्या घरात इतका आनंद कितीतरी दिवसांनी झाला होता.

त्यानंतर मास्तरांना हुडहुडी भरली. पाय पोटरीपर्यंत सुजून लाल झाला. डॉक्टरांनी मिटलेली जखम उघडली आणि खोलीभर घाण वास सुटला. पू हाडापर्यंत पोचला होता.

"तोंड कुणी बंद केलं?" सिस्टरने हळूच विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी," मास्तरीणबाई म्हणाली. मास्तर ऐकत होते.

गुडघ्याखाली पाय काढला.

काही दिवसांनी सिस्टर नवी पट्टी कशी बांधायची ते शिकवायला आली, तेव्हा ही खिडकीशी हात काखेत दडपून बसली होती. "मला नका शिकवू, सिस्टर. दुसऱ्या कुणाला तरी सांगा. मी आता हात लावणार नाही."

"दुसरं आहे कोण घरात?" मास्तर पडल्या पडल्या म्हणाले. "ये इकडे."

"अहो, मीच घालवला तुमचा पाय."

"हो. तूच घालवलास," मास्तर म्हणाले. "आता ये."

आणि कापून उरलेला पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी तिच्या दिशेने धरला. तो थरथरायला लागला, घाम फुटला, तरी त्यांनी खाली ठेवला नाही. शेवटी तिलाच उठावं लागलं.