आधी हात लाव

हातलावे मिस्त्री कुणाचा नमस्कार घेत नसत. समोरच्यानं हात जोडले की त्यातला एक ते मनगटापाशी धरत आणि जवळच्या गरम पाइपावर टेकवत. माणूस "आई गं" करून हात मागे घेई आणि मिस्त्री त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहत. ही त्यांची ओळख करून घ्यायची रीत. पेठ वडगावात ज्यांच्या दारी लाकडावरचा बॉयलर आहे, म्हणजे पनीरवाले, खवेवाले, मंगल कार्यालयवाले, ते सगळे त्यांना हातलावेच म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर मामा.

आमचा पनीरचा छोटा कारखाना आहे. मागच्या अंगणात पत्र्याखाली बॉयलर उभा आहे. मध्ये भट्टी, तिच्याभोवती पाणी. पंप ते गरम पाणी आत दुधाच्या टाक्यांभोवती फिरवतो आणि निवलेलं पाणी परतीच्या पाइपानं पुन्हा बॉयलरात येतं. नवऱ्यानं शिरोली एमआयडीसीत नोकरी धरली आणि हे सगळं माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मला एवढंही ठाऊक नव्हतं. मी राजारामपुरीत वाढलेली, मराठी घेऊन बी.ए. झालेली. पहिल्याच महिन्यात बॉयलर इतका तापला की वरचं झाकण थडथडायला लागलं आणि वाफेच्या नळीतून उकळतं पाणी अंगणभर उडालं. दोन मेकॅनिक येऊन गेले. दोघांनीही माझ्याशी शब्द न बोलता माझ्यासमोर नवऱ्याला फोन लावला.

तिसरे आले हातलावे. त्यांनी विचारलं, "मालक कोण?" मी म्हटलं, "मीच." त्यांनी लगेच माझं मनगट धरलं. जाणाऱ्या पाइपाला हात लावला, पोळला. परतीच्या पाइपाला लावला, तो गारढोण. "कळलं काय?" म्हणाले. मला काही कळलं नव्हतं. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जातंय ते परत येत न्हाय की! पंपात हवा अडकलीया. पाणी आतल्या आत बसून उकळतंय. एवढं कळाय कॉलेज लागतंय व्हय? का कॉलेजमुळंच कळंना झालंय?" पंपावरचा नट सैल केला, फस्सकन हवा गेली आणि पाच मिनिटांत परतीचा पाइप कोमट झाला. तोही त्यांनी मला हात लावूनच बघायला लावला.

मला त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त आनंद झाला. त्या घरात मला तोंडावर शिव्या घालणारा तो पहिला माणूस. बाकीचे माझ्या डोक्यावरून बोलत. शिव्या देतो म्हणजे याच्या लेखी मी आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि तेव्हापासून त्यांच्यामागे हिंडायला लागले. त्यांनी मला राख कधी ओढायची, ओलं लाकूड कसं ओळखायचं, हवेची झडप किती उघडी ठेवायची हे सगळं शिकवलं. एकही गोष्ट गोड बोलून शिकवली नाही.

तापमानाच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. एकदा एक तरुण इंजिनिअर लांबून तापमान मोजणारं यंत्र घेऊन आला. मिस्त्रींनी ते हातात घेऊन त्याच्याच कपाळावर धरलं. "पावणं, तुमचं डोस्कं गार हाय. आत काय चाललंय असं वाटंना." सगळे खो खो हसले. तो बिचारा परत आमच्या दारात आला नाही. मीही हसले होते. खोटं कशाला बोलू, सगळ्यात मोठ्यानं मीच हसले होते.

पण सदाच्या वेळी हसू आलं नाही. सदा आमचा भट्टीवाला, आणि मिस्त्रींच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. एकदा बॉयलरमधलं पाणी आटून पत्रा लाल व्हायला आला, तर घाबरून हा गडी गार पाण्याची बादली आत ओतायला निघाला. मिस्त्रींनी ती लाथेनं उडवली आणि सदाच्या थोबाडीत दिली. "तापल्या तव्यावर पानी? बॉयलर फुटल की! आधी आग वड, मग गप बस." इथवर ठीक होतं, जीव वाचला होता. पण पुढे महिनाभर बाजारातल्या प्रत्येक टपरीवर त्यांनी ती गोष्ट सांगितली, सदा समोर असताना, त्याच्या धडपडीची नक्कल करून. लोक सदाला "बादली" म्हणायला लागले. एक दिवस तो काम सोडून गेला. त्यानं मामाचं घरही सोडलं.

मी विचारलं, "मामा, एकट्यात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

ते बाभळीचा ओंडका फोडत होते. थांबले नाहीत. "चुकला त्याला चारचौघात सांगायचं. एकट्यात सांगितलं की माणूस इसरतंय. चारचौघातलं मरूस्तवर ध्यानात ऱ्हातंय."

ते वाक्य मी पाठ केलं. चांगली विद्यार्थिनी होते मी.

नंतरच्या दोन वर्षांत मिस्त्री जरा थकले. साखर वाढली होती, चालताना पाय ओढत. कामाची रीत मात्र तीच. आधी तू हात लाव. मी लावायची, ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि दोष सांगायचे. बरोबर सांगायचे. मला वाटायचं, अजून शिकवतायत.

गेल्या मार्गशीर्षात बॉयलर पुन्हा तापला. कोल्हापूरचे दोन हॉटेलवाले माल न्यायला आले होते, आत टाक्यांत दूध होतं, झाकण थडथडत होतं. मिस्त्री आले आणि सवयीनं म्हणाले, "ये पोरी, हात लाव."

"मामा, आज तुम्हीच लावा की. मला येळ न्हाय," मी हॉटेलवाल्यांच्या घोळक्यातून ओरडले.

ते क्षणभर उभे राहिले. मग परतीच्या पाइपावर त्यांनी तळहात सपाट ठेवला. चांगला दाबून ठेवला. "गार हाय," म्हणाले. "पंप बसलाय. बापू, पंप खोल."

बापू म्हणजे सदाच्या जागी आलेला माणूस. तो पान्हा घेऊन पंपासमोर बसला. मला पंपाची घरघर नीट ऐकू येत होती. चालू पंप बसलाय कसा म्हणून मी धावत गेले आणि पाइपाला बोट लावलं. बोट भाजलं. परतीचं पाणीसुद्धा उकळतं होतं, आणि बापूनं एक बोल्ट सैल केला होता. दुसरा सुटता तर ते सगळं त्याच्या छातीवर आलं असतं.

"बापू, थांब!" मी ओरडले. त्यानं हात काढला. मी बॉयलरखाली वाकून बघितलं, तर हवेच्या झडपेत सालपटाचा जाड तुकडा अडकला होता, झडप मिटतच नव्हती, भट्टी नुसती धडाडत होती. सालपट ओढलं. संपलं.

संपलं होतं. "थांब" एवढं पुरलं असतं. पण सगळे बघत होते, मी जिंकले होते, आणि माझ्या तोंडात ते वाक्य दोन वर्षं मुरत पडलं होतं. मी वळले आणि अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, तुमच्या हाताला आता काय बी कळत न्हाय. मानूस मेला असता आज. घरात बसा आता."

कुणीतरी हसलं. हॉटेलवाल्यांपैकीच असावं. मिस्त्रींनी पाइपावरचा हात उचलला. तो इतका वेळ तिथेच होता. तळव्यावर पांढरे फोड उठले होते. दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं, पिशवी काखेत मारली आणि पाय ओढत गेले. आठवड्यात गावभर झालं. ज्यांच्या बॉयलरला त्यांनी आयुष्य दिलं, त्यांनी त्यांना बोलावणं बंद केलं. एकानं तर विचारलं म्हणे, "हातलावे, आता काय लावणार?"

मी महिन्यानं त्यांच्या घरी गेले. ती आमची शेवटची भेट, होळीच्या आधी ते गेले. मिस्त्री खाटेवर बसले होते, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. ती जखम भरली नाही ती नाहीच. मामींनी मला बस म्हटलं नाही. मिस्त्रींसमोर चहाचा पेला कधीपासूनचा तसाच होता. मामी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन वरसं झाली, हाताला कळत न्हाय त्यास्नी. साखरेनं सगळं बधिर झालंय. तुझ्या तोंडाकडं बघून सांगायचं ते. तू तोंड वाकडं केलंस की वळखायचं, किती तापलंय."

मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं."

"न्हाय," ते म्हणाले. "बराबर शिकलीस. चारचौघातच सांगायचं असतंय." मग म्हणाले, "मी बी सदाला असंच सांगितलं. त्ये काय परत आलं न्हाय. तू आलीस खरं, कशाला आलीस?"

त्यांनी डाव्या हातानं पेला माझ्याकडे सरकवला. "हात लाव."

मी पेल्याला हात लावला. रडू दाबताना माझं तोंड वाकडं झालं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, पाच वर्षं बघत तसे, टक लावून.

"लई गरम हाय," ते मामींना म्हणाले. "निवू दे जरा."

चहा केव्हाच गार झाला होता.