दारापेक्षा उंच झालेली गाडी

“दार लहान नाही झालं, मामंजी. गाडी उंच झाली.”

“तेच म्हणतोय मी. दुरुस्त केलीस आणि अडकवून ठेवलीस.” सासऱ्यांनी शटरखाली उभं राहून हात वर केला. “टपावरची ही पेटी इथं आपटणार. हवं तर तूच बघ.”

“सकाळपासून दुसरं काय करतेय?”

“मग आता काय, भिंत पाडायची?”

“भिंत तुमची. तुम्ही म्हणाल तर पाडू.”

सासऱ्यांनी भिंतीवरून हात फिरवला. ती वखार त्यांनी स्वतः उभी केलेली. हातगाडीवरून लाकूड आत-बाहेर व्हायचं, तेवढ्या बेतानंच दार ठेवलेलं. पुढं लाकडाचा धंदा बसला, वखार बंद पडली, आणि सुनेनं भुश्शाची पोती बाहेर काढून तिथं गॅरेज थाटलं.

गल्लीत तिला फुगेवाली म्हणतात. काही मोठ्या गाड्यांना स्प्रिंगच्या जागी रबराचे हवेचे फुगे असतात. ते गळाले की गाडी म्हशीसारखी बसकण मारते. ते काम करणारी आसपास ही एकटीच. आधी ती एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होती. तिथं तिला लॅपटॉपपुढं बसवून ठेवलेलं. गाडीला वायर जोडायची, गाडी काय रडगाणं गातेय ते वाचायचं आणि पान्हेवाल्यांना सांगायचं. स्वतः पान्हा उचलला की साहेब म्हणायचे, “बाई, हात खराब होतील.” हात कशासाठी असतात ते साहेबांना कुणी सांगितलं नसावं. तिनं नोकरी सोडली. नवरा अ‍ॅम्ब्युलन्स चालवतो. त्यानं एवढंच विचारलं, “माझी गाडी आधी घेशील ना?” सासरे मात्र कुरकुरतच राहिले, पण रोज सकाळी शटर तेच उघडायचे.

अडकलेली गाडी होती गणिताच्या सरांची. अपघातात सरांचे पाय गेले. गाडी ते हातानंच चालवतात, आणि टपावरच्या लांबड्या पेटीत त्यांची चाकांची खुर्ची मोटरवर आपोआप चढून बसते. गाडी टोचन करून आणली तेव्हा चारी फुगे गळालेले. आत ओढताना उंबऱ्यावर पोट घासलं, पण वरची पेटी आरामात गेली. काल शेवटचा पाइप बसला, इंजिन सुरू केलं, आणि गाडी हळूहळू चारी पायांवर उभी राहिली. शेजारचा लेथवाला खास बघायला आला. सगळे खूश. दाराकडे कुणाचं लक्षच नाही.

आणि आज दुपारी सरांना शाळेत रुजू व्हायचं होतं. अपघातानंतरचा पहिला तास. हेडमास्तरांनी जागा राखली होती, पण बजावलंही होतं, येण्याजाण्याचं तुमचं तुम्ही बघा, पहिल्याच दिवशी खाडा नको.

एक पार्ट यायचाय अशी थाप मारता आली असती. तिनं फोन करून सरळ सांगितलं, “सर, गाडी बरी झाली, पण दारातून निघत नाही.”

पलीकडून हसू आलं. “आजवर दारं मलाच अडवायची. आता गाडीलाही लागण झाली म्हणा. येतो मी.”

सरांच्या बहिणीनं त्यांना खुर्चीसकट आणून सोडलं. तोवर आत पंचायत भरली होती.

“टायरची हवा सोडा,” लेथवाला म्हणाला.

“आणि उंबऱ्यावर टायर चिरडले म्हणजे? सर शाळेत काय गोफणीतून जाणार?”

“मग फुग्यांचीच हवा सोड,” सासरे म्हणाले. “आली तशी जाईल.”

“येताना उतार होता, मामंजी. जाताना चढ आहे. पोट टेकलं तर कालचे पाइप उपटून हातात येतील.”

पेटी काढायची तर तिच्या वायरी छतातून गेलेल्या, आख्खा दिवस मोडला असता. बटण दाबून गाडी उतरते तेवढी उतरवून झाली होती, तरी दोन बोटं कमीच पडत होती. वर डोकं आपटू नये, खाली पोट घासू नये, अशी मधली उंची हवी होती. ती कुठल्याच बटणात नव्हती.

तिनं लॅपटॉप जोडला.

“गाडीला स्वतःची उंची कळत नाही,” ती सरांना सांगू लागली. “चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत आपण टेपनं मोजायचं आणि इथं आकडा भरायचा. आपण सांगू तेवढी ती स्वतःला उंच समजते.”

“आणि खोटं सांगितलं तर?”

“तेच सांगायचंय.”

तिनं चारी चाकांशी टेप लावला, प्रत्येक मापातून दोन बोटं वजा केली, आकडे भरले. फुस्स व्हायला हवं होतं. त्याऐवजी कॉम्प्रेसर घुरघुरला आणि गाडी आणखी वर चढायला लागली.

“ही तर टाचा उंचावून बाहेर बघतेय,” सासरे म्हणाले. लेथवाला पोट धरून हसला.

तिची कानशिलं तापली. आजवर तिनं असंख्य गाड्यांचे आकडे भरले होते, पण सगळे खरे. खोट्याची सवय नाही, तिथंच घोटाळा झाला. सरांनी तोंड उघडलं तसा तिनं हात आडवा केला.

“सांगू नका, सर. माझं मला सुटू द्या.”

“वर्गात असं कुणी म्हणालं की मला फार बरं वाटतं.”

ती चाकाशी उकिडवी बसली. थोड्या वेळानं स्वतःशीच पुटपुटली, “मी तिला सांगितलं तू बुटकी आहेस. म्हणून ठरल्या उंचीला यायला ती ताठली. उंच झालीस म्हटलं तर वाकेल.”

तिनं पुन्हा टेप लावला, आता दोन बोटं मिळवून आकडे भरले. फुस्स. आधी मागची बाजू बसली, मग पुढची. लेथवाला उंबऱ्याशी पालथा पडून पोटाकडे बघू लागला, सासरे स्टुलावर चढले. ती स्टिअरिंगकडे वळली, तर सर म्हणाले, “चालवणार मीच.” बहिणीच्या आधारानं ते सीटवर सरकले.

“येऊ द्या... येऊ द्या... हळू,” ती हातानं खुणावत म्हणाली.

“वर पत्त्याएवढी फट आहे,” सासरे म्हणाले. बोलताना तेच वाकले होते.

“खाली बोट जातंय,” लेथवाला.

पेटी शटरच्या पट्टीखालून सरकली. गाडी उन्हात आली. तिनं तिथंच पुन्हा टेप लावून खरे आकडे भरले. खोट्या उंचीवर गाडी पळवली तर फुगे पुन्हा मान टाकतील. गाडी उठून सरळ झाली. पेटी उघडली, खुर्ची वर चढली, झाकण लागलं.

“आजचा पहिला तास मिळवणी-वजाबाकीचा,” सर म्हणाले.

“टोमणा मला का?”

“छे, आठवीच्या वर्गाला. फक्त गोष्ट तुमची सांगणार.”

“सांगा. पण शेवटपर्यंत सांगा.”

सर गेले. वेळेत पोचतील असे गेले. सासरे रस्त्याच्या वळणापर्यंत बघत राहिले. बाहेर बेकरीवाला आपल्या व्हॅनला टेकून कधीचा उभा होता.

“झाला का तुमचा तमाशा? माझे पाव शिळे होतायत.”

“आणा आत,” ती म्हणाली. “टपावर काही बांधलेलं नाही ना?”

“नाही.”

“मग हँडब्रेक काढा. मामंजी, मागून जरा ढकला.”

व्हॅन आत आली. तिनं चाकांची फळी ओढली, पाठ टेकली आणि पान्हा घेऊन खाली सरकली.