आशालताबाईंनी काही दाबलं नव्हतं

पनवेलच्या लाइन आळीत 'मुहूर्त टाइपिंग अँड ग्राफिक्स' नावाचं एक दुकान आहे. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. पण उरणपासून कर्नाळ्यापर्यंत गेल्या तेहेतीस वर्षांत जेवढ्या लग्नपत्रिका वाटल्या गेल्या, त्यातल्या निम्म्या आपल्या हाताखालून गेल्यात, असं दुकानाच्या मालकीणबाई आशालता गुप्ते सांगतात. निम्म्या जरा जास्तच होतात. पण बाईंशी वाद कोण घालणार? ज्याला आपल्या पत्रिकेत आपलं नाव नीट छापून हवंय, तो तरी घालत नाही.

बाई चौसष्ट वर्षांच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोटं टाइपरायटरवर तयार झालेली. त्यामुळे त्या कीबोर्डवर टाइप करत नाहीत, खिळे ठोकतात. टेबल हलतं, टेबलावरचा पेनांचा डबा हलतो, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा थोडं हलतं. वर्षाला दोन कीबोर्ड त्यांच्या हाताखाली जीव सोडतात. बाई म्हणतात, "हल्लीचा मालच नाजूक."

त्यांची खरी ख्याती मात्र नावांची आहे. आपल्याकडची पत्रिका म्हणजे काय साधं काम आहे होय! आजोबा-पणजोबा वर, काका मानाप्रमाणे खाली, मामा वेगळ्या चौकटीत, आत्या आणि त्यांचे यजमान कुठे बसवायचे ते फक्त बाईंना ठाऊक, आणि तळाशी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी चिल्लीपिल्ली. एक नाव सुटलं की एक घर रुसलं. आणि रुसलेलं घर हळदीला येत नाही, बारशाला येत नाही, समोरून गेलं तरी बघत नाही. बाईंच्या हातून तेहेतीस वर्षांत एकही घर रुसलेलं नव्हतं.

तर अशा बाईंचा कॉम्प्युटर दिवाळीनंतर अंगात आल्यासारखा करायला लागला.

कॉम्प्युटर जुनाच होता. जुन्या पत्रिकांचे फॉन्ट दुसऱ्या कशावर उमटत नाहीत म्हणून बाईंनी तो सोडला नव्हता. दिवाळीत त्यांचा मुलगा सत्यजीत खारघरहून आला, त्याला तो पिवळट पडलेला डबा बघवेना. त्याने आतलं सगळं तेच ठेवून बाहेरचा डबा तेवढा नवा बसवून दिला. काळाकुळकुळीत, पुढे निळा दिवा. बाईंना आवडला. गाडी घेतल्यासारखी त्यांनी त्याची पूजाही केली.

पहिल्यांदा तो बंद पडला तेव्हा बाईंना वाटलं, लाईट गेली. वर बघितलं तर ट्यूब चालू, पंखा चालू. आणि तोवर कॉम्प्युटर आपला आपणच उठून पुन्हा सुरू व्हायला लागला होता, जसं काही झालंच नाही. टाइप केलेलं सगळं मात्र गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज सकाळी दोनदा, तीनदा. दुपारनंतर जरा बरा असायचा, दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं की पुन्हा तेच.

बुधवारी गव्हाणचे बळीराम कडू आले. मुलीचं, मनस्वीचं लग्न. हातात वहीचं पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं.

"ताई, एकशे बारा नावं हायेत. एक जरी रायला तर माझी खैर नाय. आमची ठमाबाय आत्या हाय ना, ती तर मंडपात येऊन भांडंल."

बाई बसल्या. पंचविसावं नाव झालं आणि स्क्रीन काळी. पुन्हा सुरुवात. एकतिसाव्या नावाला पुन्हा काळी. बळीराम वाकून म्हणाले, "ताई, तुमी कायतरी दाबला वाटतं."

"मी काही दाबलं नाही!"

बळीरामांनी वहीचं पान घडी करून खिशात ठेवलं आणि "उद्या येतो" म्हणाले. बाईंच्या दुकानातून यादी खिशात परत गेली, असं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी सत्यजीतला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू नकळत काहीतरी दाबत असशील. होतं असं या वयात." मग थोडं थांबून, आवाज मऊ करून म्हणाला, "मी एका डॉक्टरांची वेळ घेतलीय. सोमवारी दहाची. स्मरणशक्तीचे असतात ना, ते. नुसतं दाखवून घेऊ. आणि दुकानाचंही आता बघू या. खूप केलंस तू."

बाईंनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी त्या तशाच उभ्या होत्या.

कारण त्यांना त्यांची आई आठवली होती. आई शेवटची चार वर्षं गॅसचं बटण फिरवून ठेवायची, आणि विचारलं की डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "मी काही फिरवलं नाही गं." खरंच वाटायचं तिला तसं. आता आपणही तेच वाक्य बोलतोय का? बटण आपणच दाबतोय आणि आपल्यालाच कळत नाहीये का? बाई मनातून पार हादरल्या. दुकान गेलं असतं तरी चाललं असतं एक वेळ. पण आपलंच डोकं आपल्याशी खोटं बोलतंय, हा विचार त्यांना सहन होईना.

गुरुवारी सकाळी त्यांनी जमाल मुकादमला बोलावलं.

जमालचं दुकान दोन गल्ल्या सोडून. नऊ वर्षं कतारला मशीनं दुरुस्त करून आलेला माणूस, आणि त्याचा एक हट्ट आहे: दुखणं कळल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही. त्यापायी त्याची गिऱ्हाइकं वैतागतात, पण पुन्हा त्याच्याकडेच येतात.

"ताई, मशीन असं मधेच मरतं ते तीन गोष्टींनी," तो स्क्रूड्रायव्हर काढत म्हणाला. "एक तर करंट नीट मिळत नाही, नाहीतर गरमी होते, नाहीतर आत काहीतरी ढिलं असतं. एकेक बघू. घाईत दोन गोष्टी एकदम बदलल्या की दुखणं कुठलं होतं ते अल्लालाच ठाऊक राहतं."

त्याने यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीतून वीज दिली. मशीन मेलं. त्याने पंख्यावरची धूळ फुंकून काढली. मशीन मेलं. रॅमची पट्टी काढून शाळेतल्या खोडरबराने घासली, पुन्हा बसवली. पुन्हा मेलं. बिघाड झाला की आपोआप रीस्टार्ट व्हायची विंडोजमधली सोयही त्याने बंद करून ठेवली, म्हणजे निदान काय बिघडलं ते पडद्यावर लिहून येईल. काहीही लिहून आलं नाही. नुसता काळोख, आणि पुन्हा पहिल्यापासून. "हे आतून मरत नाहीये ताई," जमाल डोकं खाजवत म्हणाला, "याला कोणीतरी मारतंय."

झालं! तो सहज बोलून गेला, आणि बाईंनी आपली दहाही बोटं पदराखाली घेतली.

मशीन तो आपल्या दुकानात घेऊन गेला. टेबलावर आडवं झोपवून दीड दिवस चालवलं. स्वतः बसून दोन बोटांनी बाराखडी टाइप केली. एकदाही बंद पडलं नाही. शुक्रवारी दुपारी तो आनंदाने ते परत घेऊन आला. "एकदम तंदुरुस्त, ताई! माझ्याकडे हूं की चूं केलं नाही."

त्याच्याकडे चालतं. म्हणजे बंद माझ्याच हातून पडतं. बाईंनी त्याला चहा पाजला, पण स्वतःचा कप तसाच निवला.

शनिवारी सकाळी जमाल डब्याचा राहिलेला एक स्क्रू द्यायला आला, तेव्हा बाई खुर्चीत बसून रडत होत्या. समोर स्क्रीन काळी. दुसऱ्या एका पत्रिकेतली एकोणीस नावं नुकतीच गेली होती.

"जमाल, खरं सांग. माझंच काहीतरी होतंय ना? आईसारखं?"

जमाल असल्या प्रश्नाला घाबरणारा माणूस. मशीनचं विचारा, रात्रभर बोलेल. पण तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ताई, शटर खाली करा."

"काय?"

"शटर खाली करा आणि आत्ता दुकान उघडताय असं समजा. रोज जे जे करता ते सगळं, तसंच, पहिल्यापासून करा. मी नुसता बघतो. मशीन माझ्याकडे बरं आणि तुमच्याकडे आजारी, म्हणजे माझ्याकडे जे होत नाही असं काहीतरी इथे होतंय. ते काय, एवढंच शोधायचंय."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी केलं. शटर अर्धं खाली, परत वर. उंबऱ्यावर पाणी. केरसुणी. गणपतीच्या फोटोला हार, उदबत्ती. मग तबक घेऊन त्या कॉम्प्युटरकडे वळल्या. अनामिका ओल्या कुंकवात बुडवली आणि नव्या डब्याच्या पुढच्या बाजूला, निळ्या दिव्याखाली, जो हरभऱ्याएवढा गोल उंचवटा होता, त्याला ठसठशीत टिळा लावला. त्यावर चिमूटभर अक्षता टेकवल्या, आणि पडू नयेत म्हणून अंगठ्याने प्रेमाने दाबल्या.

जमालच्या तोंडाचा आ झाला. हा आता पेच होता. पूजा त्यांची, देव त्यांचा, आणि तो म्हणणार तरी कसा?

"ताई..." तो अडखळत म्हणाला, "हे रोज करता?"

"तेहेतीस वर्षं! आधी टाइपरायटरला करायचे. जुन्या डब्याला वर पत्र्यावर लावायचे. याला बघ किती छान कपाळ आहे."

"ताई, माफ करा हां. पण ते कपाळ नाही. ते रीसेटचं बटण आहे."

मग जमालने डब्याचं पुढचं पॅनेल हलक्या हाताने काढलं आणि तबकावर उलटं धरून टकटक केलं. बटणाच्या भोवतीच्या फटीतून अक्षता पडायला लागल्या. एक, दोन, चार... अकरा. गुलाबी, काही फुगलेल्या, काही कुंकवाच्या चिकट्यात घट्ट बसलेल्या. रोज सकाळी एक ओला दाणा आत, बटण अर्धं दाबलेलं, आणि वरून बाईंचे खिळे ठोकणं सुरू. टेबल हललं की उरलेलं अर्धं बटण दाबलं जायचं. दुपारपर्यंत दाणा वाळला की थोडी सुटका. जमालकडे मशीन आडवं पडलेलं, बोटं दोन, आणि पूजा शून्य!

"म्हणजे मी दाबलंच होतं की!" बाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही ताई. अक्षतांनी दाबलं."

बाई हसायला लागल्या ते थांबेनातच. हसता हसता पुन्हा रडल्या, पण हे रडणं निराळं होतं. त्यांचं डोकं शाबूत होतं. मोठ्ठा धोंडा उतरला होता छातीवरचा. जमाल अगदी लाजून बटणाची फट टूथब्रशने साफ करत बसला. जाताना त्याने त्या अकरा अक्षता रॅमच्या छोट्या पारदर्शक पिशवीत भरून दिल्या. "ठेवा. पुरावा आहे."

सोमवारी नऊ वाजता सत्यजीत गाडी घेऊन आला. हातात फाइल, चेहऱ्यावर ती काळजी, जी आजारी माणसालाही नकोशी होते. "आई, निघू या ना? दहाची वेळ आहे."

"बस आधी," बाई म्हणाल्या आणि त्याला त्याच स्टुलावर बसवलं. उंबऱ्यावर पाणी, केरसुणी, हार, उदबत्ती. तो घड्याळ बघत होता. मग त्यांनी ती छोटी पिशवी त्याच्या हातात ठेवली आणि काय झालं ते सगळं सांगितलं.

"ही ने डॉक्टरांकडे," त्या म्हणाल्या. "म्हणावं, आईच्या डोक्यातून काही निघालं नाही. मी आणलेल्या डब्यातून निघालं."

सत्यजीत पिशवीतल्या दाण्यांकडे बघत राहिला. आधी त्याला हसू फुटलं, मग ते तोंडावरच विरलं.

"जमाल माझा कोण?" बाई म्हणाल्या. "पण तो इथे तासभर बसला आणि मी काय करते ते बघितलं. तू फोनवरच ठरवलंस रे, आईचं डोकं गेलं म्हणून." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सत्यजीतची मान खाली गेली. "चुकलं आई," तो म्हणाला. बाहेर पायरीवर जाऊन त्याने डॉक्टरांकडे फोन केला, वेळ रद्द केली, आणि बराच वेळ आत आला नाही.

तो आला तेव्हा तबक बाईंच्या हातातच होतं. चिमटीत अक्षता. बाईंचा हात सवयीने कॉम्प्युटरकडे गेला, हवेतच थांबला, वळला, आणि त्यांनी त्या अक्षता सत्यजीतच्या डोक्यावर टाकल्या. बेचाळीस वर्षांचा घोडा, पण त्याने लहान पोरासारखं डोकं पुढे केलं.

"आता आलायस तर कामाला लाग," म्हणून त्यांनी बळीरामांचं वहीचं पान त्याच्यापुढे टाकलं. बळीराम ते शनिवारी संध्याकाळी स्वतः येऊन ठेवून गेले होते. तो एकेक नाव वाचू लागला आणि बाई ठोकू लागल्या. टेबल हललं, पेनांचा डबा हलला, कॅलेंडर हललं. पंचवीस झाली, एकतीस झाली. निळा दिवा काही लुकलुकेना. शंभरी ओलांडली तशी सत्यजीत एकेक नाव दबक्या आवाजात वाचू लागला. शेवटी एकशे बारावं नाव आलं, ठमाबाई आत्या, सहकुटुंब.

बाईंनी शेवटचा पूर्णविराम ठोकला. सत्यजीतने सुटकेचा श्वास सोडला आणि माऊसकडे हात नेत म्हणाला, "सेव्ह करू?"

बाईंनी त्याच्या हातावर चापट मारली.

"तू काही दाबू नकोस."