नऊ दिवस, एक कुलूप

पत्रकार परिषद सुरू व्हायच्या आधीच मथुराताई उत्तरं देऊन मोकळ्या व्हायच्या. खुर्चीत बसायचं, पदरानं चष्मा पुसायचा आणि म्हणायचं, "साडी सुती हे. मेथीची भाजी करून आले. मालकांचा पाठिंबा हे, सासूचा नाय. झालं? आता कामाचं विचारा." आम्ही सहा-सात वार्ताहर वहीत मान घालून बसायचो, कारण विचारायला आणलेले निम्मे प्रश्न तिथंच संपलेले असायचे.

ही सवय त्यांना माझ्यामुळे लागली, हे आधीच कबूल करतो. मखमलाबादच्या मळ्यातला पालक आणि शेपू घेऊन त्या वीस वर्षं पंचवटीकडच्या एका भाजीबाजारात बसत होत्या. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला, त्या उभ्या राहिल्या आणि चक्क निवडून आल्या. नाशिकच्या एका दैनिकात मी नवा होतो. पहिल्याच मुलाखतीत मी विचारलं, "घर आणि राजकारण यांचा तोल कसा सांभाळणार?"

"शेजारच्या प्रभागातल्या साहेबांना विचारलंत का हे?"

"नाही."

"विचारा की. त्यांच्या घरी भाकरी कोण थापतं, ते मलाबी ऐकायचंय."

मी हसलो, आणि बातमीत लिहिलं, 'ताईंनी दिलखुलास हसून प्रश्न टोलवला.' हसलो होतो मी. मथळा दिला, 'पदर खोचून मैदानात उतरली रणरागिणी.' दुसऱ्या दिवशी भर बाजारात त्यांनी मला हाक मारली. "ओ पेपरवाले, ही रणरागिणी कोण? माझे गुडघे दुखत्यात. मला जिना चढवत नाय."

पण शब्द चिकटला तो चिकटलाच. सभेत त्या मोठ्यानं बोलल्या की आम्ही 'ताईंचा रुद्रावतार' छापायचो, गप्प बसल्या की 'ताई भावुक.' बाजूच्या बाकावरचा नगरसेवक कागद फाडून भिरकवायचा, तो मात्र 'अभ्यासू आणि आक्रमक.' या अभ्यासू गृहस्थांनी एकदा सभागृहात तपकीर ओढली आणि ताईंना शिंकांवर शिंका आल्या. आमच्या छायाचित्रकारानं नेमका तो क्षण टिपला. 'ताईंना अश्रू अनावर', तीन स्तंभ. ताईंनी ते कात्रण कापून घरातल्या फ्रीजवर चिकटवलं होतं. पाहुण्यांना म्हणायच्या, "बघा, माझी सर्दी पेपरात आली."

त्यांचं सगळं राजकारण एका गोष्टीभोवती होतं. त्या बाजारात पहाटे चारला टोपल्या घेऊन आलेल्या बायका दुपारपर्यंत बसायच्या, आणि त्यांना जायला जागाच नव्हती. म्हणून त्या घोटभरही पाणी प्यायच्या नाहीत. ताईंच्या शेजारी कोथिंबीर विकणारी जनाबाई त्यापायी दोनदा दवाखान्यात पडली होती. "पुरुष भिंत बघतो, बाई घड्याळ बघती," ताई म्हणायच्या. दोन वर्षं टेबलाटेबलाशी भांडून त्यांनी बाजाराच्या मागच्या अंगाला बायकांसाठी मुतारी मंजूर करून घेतली. ती बांधून झाली. फरशी लागली, नळाला पाणी आलं, 'महिला प्रसाधनगृह' अशी पाटी लागली आणि दाराला कुलूप लागलं.

उद्घाटन व्हायचं होतं ना. पक्षाच्या बड्या साहेबांची तारीख मिळत नव्हती. साहेब उद्यानाला यायचे, कमानीला यायचे, एकदा तर नुसत्या गतिरोधकाला आले होते. इथं मात्र दर महिन्याला काही ना काही अडचण. ताईंनी मला खरं कारण सांगितलं. "साहेबांना फीत कापायची हे, पण मुतारीपुढं फोटो नको."

बातमी फक्कड होती. मी ती लिहून दिली. संपादक म्हणाले, "सकाळी चहाबरोबर मुतारी कोण वाचेल?" पाचव्या पानावर तळाला चार ओळी आल्या. त्याच आठवड्यात नवरात्र बसलं आणि संपादकांनी मला बोलावलं. नवरात्रातले नऊ रंग हा आमच्या पेपरचा मोठाच सोहळा. रोज त्या दिवसाच्या रंगाच्या साड्यांतल्या बायकांचा फोटो, अर्धं पान. "पिवळ्यात तुमच्या त्या ताईंना घ्या," ते म्हणाले. "राजकारणातलं सौंदर्य."

मी खाली मान घालून ताईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"किती दिस चालतं हे?"

"नऊ."

"रोज छापता?"

"रोज."

"मग मी एकटी नाय, बाजारातल्या समद्या येतील. जागा मी सांगीन."

जागा कुठली, ते तुम्ही ओळखलंच असेल. पहिल्या दिवशी चाळीस बायका पिवळ्या साड्यांत त्या बंद दारापुढे उभ्या राहिल्या. बरोबर मधोमध कुलूप. दुसऱ्या दिवशी हिरवा. तिसऱ्या दिवशी करडा रंग होता आणि करडी साडी फारशी कुणाकडे नव्हती, तर बायकांनी साडीवर नवऱ्यांचे सदरे चढवले. शेतात घालतातच, त्यांना त्याचं काही वाटलं नाही. आमच्या पान लावणाऱ्यांची नजर फक्त साड्यांवर असायची. साड्यांच्या मागे काय आहे, हे त्यांनी कधी बघितलं नाही. मी पहिल्या दिवसापासून बघत होतो आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. माझ्या नोकरीतलं तेवढं एकच पुण्य.

वाचकांना मात्र डोळे होते. चौथ्या दिवशी एका आजोबांनी कचेरीत फोन करून विचारलं, "या बायका रोज संडासापुढेच का उभ्या असतात?" सहाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर नऊ रंग राहिले बाजूला, कुलूपच फिरत होतं. आठव्या दिवशी साहेबांच्या माणसाचा ताईंना निरोप आला, साहेब दसऱ्याला मोकळे आहेत. ताई म्हणाल्या, "सणासुदीचं कशाला दमवता त्यांना?"

नवव्या दिवशी रंग जांभळा. मी पोचलो तेव्हा कुलूप नव्हतं. तराजूचं दोन किलोचं वजन दाराशी पडलं होतं आणि दार अर्धवट लोटलेलं. ओळीत जनाबाई दिसेना.

"जनाबाई कुठंय?" मी विचारलं.

"आत हे," ताई म्हणाल्या. "उद्घाटन चाललंय."

दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात फोटोखाली ओळ होती, 'जांभळ्या रंगात खुलल्या रणरागिणी.'

गेल्या पावसाळ्यात ताई आजारी पडल्या. भेटायला गेलो तर फ्रीजवर ते शिंकेचं कात्रण तसंच होतं, पिवळं पडलेलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला अरे-तुरे केलं. "माझी बातमी तूच लिहिशील. रणरागिणी नको लिहू. 'बाजारात मुतारी बांधली' एवढंच लिही. बास."

ताई गेल्या त्या रात्री मी तसंच लिहिलं. अगदी तोच शब्द ठेवून. सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर 'रणरागिणी हरपली', खाली 'घर आणि राजकारणाचा तोल सांभाळणारं नेतृत्व', आणि पिवळ्या साडीतला फोटो, मागचं दार नीट कापून काढलेला. फोन केला, तर मुख्य उपसंपादक म्हणाले, "अहो, मेलेल्या बाईबद्दल असं छापतात का?" मी थोडा वाद घातला आणि फोन ठेवला. जास्त भांडायला हवं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

तसाच बाजारात गेलो. जनाबाई तोच पेपर मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाचता येत नाही. पेपर माझ्यापुढे धरून म्हणाली, "काय लिवलंय ताईचं? वाचा."

मी पहिल्या पानावर नजर ठेवली आणि वाचलं, "मथुराताईंनी बाजारात बायकांसाठी मुतारी बांधली."

"अजून?"

"एवढंच आहे."

जनाबाईनं पेपराची घडी घातली, कोथिंबिरीखाली नाही, पिशवीत ठेवली. डोळे पुसले. मग कमरेवर हात ठेवून उठली.

"खरं लिवलंय," ती म्हणाली. "जरा माझ्या जुड्यांकडं बघा, आलेच." आणि मागच्या अंगाला गेली.